पत्थर हवालदाराची हुडहुडी

ग्वाल्हेरची थंडी ज्यानं अंगावर घेतली नाही त्यानं थंडीबद्दल तोंड उघडू नये, असं महिपतराव खराडे म्हणायचे. आणि खोटं काय होतं त्यात? दक्षिणेतून कुणी पाहुणा यायचा, ‘आमच्या पुण्यालाही बरं का, पौषात चांगला गारठा असतो’ म्हणायचा, की महिपतराव मिशीवरून हात फिरवत त्याच्याकडे बघत राहायचे. मग शांतपणे सांगायचे, “उद्या पहाटे सहाला कंपूच्या मैदानावर या. बंडी घरी ठेवून या.” पाहुणा कसला येतोय! नऊला जागा व्हायचा आणि रजईतूनच चहा मागायचा.

हे महिपतराव म्हणजे रियासतीच्या पलटणीतले हवालदार. पणजोबा साताऱ्याकडून फौजेबरोबर उत्तरेत आले ते इथलेच झाले. घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि रागावले की दोन्ही एकदम. दाना ओलीत दोन खोल्यांचं घर, घरात विजयाबाई, मूलबाळ नाही. पलटणीत कुणी नेमबाजी शिकवायचा, कुणी घोड्यांचं बघायचा. महिपतरावांकडे एकच काम होतं, आणि ते त्यांच्याइतकं सबंध रियासतीत कुणाला येत नव्हतं. नवे रंगरूट भरती झाले की त्यांना थंडीसाठी तयार करायचं. किल्ल्याच्या तटाशी, महालाच्या फाटकाशी, पौषातल्या धुक्यात तासन्‌तास उभं राहायला लागायचं पोरांना. तसं अंग काही जन्मजात मिळत नाही, घडवावं लागतं.

घडवायची त्यांची एक रीत होती. दसऱ्याला सोनं वाटून झालं की दुसऱ्या दिवशी पहाटे रांग उभी, अंगात नुसता बनियन. तेव्हा कसली आलीय थंडी, नुसती झुळूक, पोरं हसायची. महिपतराव म्हणायचे, “हसा बेटा, हसून घ्या.” पहिल्या आठवड्यात रोज पाव तास. दिवाळीपर्यंत अर्धा. अंघोळीला विहिरीचं पाणी बिलकुल नाही, कारण थंडीत विहिरीचं पाणी कोमट असतं आणि तो सगळा लबाडीचा मामला. रात्रभर अंगणात उघड्यावर ठेवलेल्या हंड्यातलं पाणी घ्यायचं. मार्गशीर्ष लागला की तासभर, आणि पौषात सूर्य धुक्यातून वर येईपर्यंत. घाई करायची नाही. एकदम गारठ्यात ढकललं तर माणूस अंथरूण धरतो, रोज थोडी थोडी दिली तर अंग ती पचवतं, हे त्यांचं शास्त्र. ते कुठल्या पुस्तकातलं नव्हतं. पोरांच्या अंगाकडे बघून बघून शिकले होते.

पहिले आठ दिवस अंग भांडतं. श्वास आखडतो, खांदे कानाला लागतात, डोकं तापतं. या आठ दिवसांत पोरं विनाकारण एकमेकांच्या अंगावर धावून जायची, आणि एरवी चिंचेच्या फोकानं झोडणारे महिपतराव तेव्हा कुणाला बोट लावायचे नाहीत. “थंडीची चिडचिड आहे, उतरेल,” म्हणायचे. मग बोटं ठणकायला लागायची. आणि पंधरा-वीस दिवसांनी कधी तरी, गारढोण पडलेली बोटं आपोआप गरम व्हायची, लाल व्हायची, थोड्या वेळानं पुन्हा गार, पुन्हा गरम. पहिल्यांदा हे झालं की पोरगा स्वतःच्याच हातांकडे खुळ्यासारखा बघत राहायचा. महिपतराव रांगेतून फिरत एकेकाचं नख दाबून बघायचे, पांढरं झालेलं नख गुलाबी व्हायला किती वेळ घेतं ते. भूक दुप्पट व्हायची. बाजरीची भाकरी, गूळ, तीळ, किती वाढलं तरी ताट रिकामं. सगळ्यात शेवटी मन वळायचं. पहाटेचं बिगूल वाजलं की पोरगा रजई डोक्यावर ओढायचा, ती एक दिवस ओढायचाच नाही. पोरगा आपणहून रजई फेकून उठायचा आणि धुक्यात जाऊन उभा राहायचा, कुणी बोलावलेलं नसताना. मग महिपतराव त्याला नावानं हाक मारायला लागायचे. तोपर्यंत नुसतं ‘ए’.

संक्रांतीला शेवटची परेड. परेड सुटली की हा दांडगा माणूस गजकेची टोपली घेऊन मैदानाच्या तोंडाशी उभा. गजक म्हणजे तीळगुळाची खुसखुशीत, पापुद्र्यापापुद्र्याची वडी, थंडी पडली की आमच्याकडे घरोघरी असते. एकेकाच्या हातावर ठेवताना म्हणायचे, “गोड बोल म्हणत नाही. तुझ्याकडून व्हायचं नाही ते.” ती चव ज्यांनी घेतली ते म्हातारे झाले तरी सांगायचे, तशी गजक पुन्हा मिळाली नाही. मिळणार कशी? तीन महिने गारठा खाल्ल्यावर मिळालेली ती गजक.

बावीस हिवाळे हे चाललं. बावीस हिवाळ्यांत त्यांच्या हाताखालचा एकही पोरगा थंडीनं गेला नाही की अधू झाला नाही. हे ते सांगत फिरायचे असं नाही, पण कुणी विचारलं नाही तर विचारायला लावायचे.

या रीतीत एक नियम होता आणि त्यावरून त्यांचं नाव ‘पत्थर हवालदार’ पडलं. कुडकुडायचं नाही. दात वाजवायचे नाहीत, हातावर फुंकर घालायची नाही, पाय आपटायचे नाहीत. हुडहुडी दिसली की रांगेतून बाहेर. “हुडहुडी म्हणजे अंगानं हार खाल्ली,” ते ओरडायचे. “हरलेलं अंग मला दाखवू नका.”

नियमाला कारण होतं, पण ते पलटणीत कुणाला माहीत नव्हतं. घरी विजयाबाईंना तेवढं माहीत. महिपतरावांचे वडील मल्हारराव हे महालाच्या फाटकावरचे भालाईत. महिपत बारा वर्षांचा असताना पौषात मोठा दरबार भरला, बाहेरचे पाहुणे आले. पाहुण्यांच्या गाड्यांना उशीर झाला आणि मल्हाररावांची रांग पहाटेपासून तशीच ताटकळत उभी. गाड्या आल्या तेव्हा मल्हाररावांना हुडहुडी भरलेली. हातातला भाला थरथरत होता आणि भाल्याच्या टोकाचं निशाण फडफडत होतं. वारा तर कुठंच नव्हता. एक गोरा पाहुणा थांबला, हसला, आणि दुभाष्याला म्हणाला, या भाल्याला ताप आला आहे का? झालं, सगळे हसले. आठवड्याच्या आत मल्हाररावांची रवानगी धान्याच्या कोठारावर. त्यानंतर म्हातारा दहा वर्षं जगला, पण त्या फाटकासमोरून कधी गेला नाही. लांबचा वळसा घालून जायचा. पोरगा महिपत त्या दिवशी गर्दीत उभा होता. त्याला राग आला तो बापाचा, हसणाऱ्या पाहुण्याचा नाही. खरं ते खरं.

विजयाबाईंचं सगळं उलटं. त्या साताऱ्याकडच्या. लग्न होऊन मार्गशीर्षात इथं आल्या, पहिल्या सकाळी अंगणात पाऊल टाकलं आणि “अगं आई गं!” करून आत पळाल्या. अंगावर दोन लुगडी, त्यावर नवऱ्याचा कोट, तरी दात कडकड वाजतायत. महिपतरावांनी त्यांनाही रीत लावायचा प्रयत्न केला.

“मी काय तुमची रंगरूट आहे?” विजयाबाई म्हणाल्या. “मला थंडी वाजते, मी कुडकुडणार. कुडकुडून घेतलं की ऊब येते. अंग आपली शेगडी आपण पेटवतं. गाय कुडकुडते, कुत्रं कुडकुडतं, ती काय हरलेली असतात?”

“जनावरं आहेत ती.”

“मग आपलं अंग काय देवाचं आहे?”

नवरा-बायकोचा हा वाद पंचवीस वर्षं चालला. शेगडीशी बसून विजयाबाई मुद्दाम मोठ्यानं हुडहुड करायच्या, आणि हवालदार वर्तमानपत्र डोळ्यांसमोर उंच धरायचे. वर्तमानपत्राच्या मागे ते हसायचे अशी विजयाबाईंची खात्री होती.

रियासत संपून मध्य भारत झाला त्या साली गल्लीतला कान्होजी पलटणीत भरती झाला. मंदाताईंचा एकुलता एक. वडील नाहीत, अंगावर मांस नाही, आणि सगळ्या रांगेत दात वाजायचे ते याचेच. महिपतरावांनी त्याला सात वेळा रांगेतून हाकलला. आठव्या वेळी हाकलला नाही. समोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, “कान्हो, थंडी वाजली की माझ्याकडे बघ. मी हलतोय का? मग तू कशाला हलतोस?” पोरगा त्यांच्या डोळ्यांत बघत उभा राहिला. दुसऱ्या वर्षीच्या पौषात तो असा उभा राहायचा, की चिमणी येऊन खांद्यावर बसावी. हवालदार घरी येऊन विजयाबाईंना सांगायचे, “आज कान्हो दोन तास! पापणी हलली नाही पोराची.” असे सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, पोटचा पोरगा आहे.

मग सगळं बदलत गेलं. झेंडा बदलला, टोपीवरचा बिल्ला बदलला, आणि एक दिवस पलटणच्या पलटण हिंदुस्थानच्या फौजेत जायची ठरली. तपासणीला अधिकारी आले. छाती मोजली, डोळे बघितले, गुडघे वाकवून पाहिले. महिपतरावांचं वय सत्तेचाळीस आणि डावा गुडघा कुरकुरणारा. त्यांना पेन्शन देऊन घरी बसवलं. ते म्हणाले, “और इन बच्चों को ठंड के लिए कौन तैयार करेगा, साहब?” अधिकारी भला माणूस होता. म्हणाला, “अब अच्छे कोट मिलते हैं, हवालदारसाहब.” महिपतरावांनी कडक सलाम ठोकला, बाहेर आले, आणि मैदानाच्या कठड्यावर दुपारपर्यंत बसून राहिले.

कान्होजीची निवड झाली. कार्तिकात हुकूम आला, काश्मीरच्या बाजूला, उंच चौकीवर. मंदाताई दारात येऊन उभ्या राहिल्या, पदर तोंडाला.

“दादा, माझं पोर बर्फात चाललंय हो. इथल्या थंडीत निळं पडायचं ते.”

“निळा पडणारा कान्हो गेला, मंदाताई,” महिपतराव म्हणाले. “माझा एकही पोरगा मी आजवर थंडीला दिलेला नाही. जसा जातोय तसा तुमच्या दारात परत येईल, धडधाकट. हा माझा शब्द.”

विजयाबाई त्या दिवशी वाद घालायला बसल्या नाहीत. कान्होजी पाया पडायला आला तेव्हा त्याच्या खिशात लोकरीचे मोजे कोंबले आणि हळूच म्हणाल्या, “वाजली थंडी तर कुडकुड रे बाबा. तिथं कोण बघायला येतंय?” कान्होजी हसला आणि हवालदारांकडे बघितलं. हवालदारांनी मान हलवली, हो की नाही ते कळू नये अशी. त्याला वाटलं, हवालदार नाही म्हणतायत.

पुढं महिपतराव इंदरगंजातल्या एका सरकारी कचेरीत चौकीदार झाले. बाबू लोक शेगडीभोवती कोंडाळं करून बसायचे आणि हे आपले बाहेर, बंडीविना, ताठ. कान्होजीची कार्डं यायची. ‘इथं सगळे कुडकुडतात, मी नाही. आमचा गढवाली नाईक विचारतो, तू आदमी है कि खंबा?’ हे कार्ड महिपतरावांनी कचेरीत वाचून दाखवलं, पानवाल्याला वाचून दाखवलं, आणि ज्या टांगेवाल्याला मराठीचा गंधही नव्हता त्यालाही दाखवलं. वाचता वाचता छाती अशी फुगायची की बटणांची काळजी वाटावी.

पौषात कार्ड आलं नाही. संक्रांत आली, गेली. विजयाबाईंनी गजक आणून ठेवली ती डब्यात तशीच. रोज पहाटे महिपतराव अंगणात येऊन धुक्यात उभे राहायचे आणि मनाशी हिशेब करायचे, इथं एवढी तर तिथं किती असेल. मंदाताई रोज विचारायच्या, “काही आलं का, दादा?” माघात पत्र आलं, दुसऱ्याच्या अक्षरात, लष्करी इस्पितळातून. जीव सुखरूप आहे, पायाला इजा आहे, एवढंच.

होळीनंतर कान्होजी आला. आईला घेऊन थेट दाना ओलीतल्या या घरी. हातात काठी, डावा बूट पुढून चपटा. दारातच काठी सोडून त्यानं सलाम केला, पडता पडता वाचला. विजयाबाईंनी त्याला धरून बसवलं. मग तो सांगायला लागला, आणि सांगताना त्याचे डोळे असे चमकत होते की बघणाऱ्याला धडकी भरावी.

पहाऱ्याची बदली पहाटे व्हायची ती बर्फामुळे दुपारी झाली. चौघं होते चौकीवर. गढवाली नाईक सगळ्यांना ओरडत होता, हिलो, नाचो, पाँव पटको, गाली दो, कुछ भी करो! बाकीचे दोघं नाचत होते, कुडकुडत होते, एकमेकांना गुद्दे मारत होते. कान्होजी उभा.

“आधी पाय लई दुखला,” तो म्हणाला. “मग दुखायचा थांबला. मला वाटलं, झालं, रीत लागू पडली. आता बोटं आपोआप गरम होतील म्हणून वाट बघत होतो. तुम्ही समोर उभे आहात असं धरलं होतं मी, दादा. तुम्ही हलत नव्हता.” त्यानं मान वर केली. “मीही हललो नाही. नऊ तास. एकदा पण नाही.”

शाबासकी मागत होता पोरगा. तीन बोटं गेली होती आणि तो शाबासकी मागत होता.

महिपतराव पुढं झाले. कुरकुरता गुडघा टेकून खाली बसले, त्याचा बूट काढला, मोजा काढला. विजयाबाईंनी दिलेलाच मोजा होता. पाय मांडीवर घेतला. अंगठा आणि शेजारचं बोट तेवढं उरलं होतं. परेडच्या रांगेत दाबायचे तसं त्यांनी अंगठ्याचं नख दाबलं आणि सोडलं. नख पांढरं झालं, तसंच राहिलं, मग हळूहळू गुलाबी झालं.

“मंदाताई,” ते खाली बघतच म्हणाले, “शब्द मोडला मी. हा बर्फानं नाही अधू झाला. माझ्यामुळं झाला.”

“पोर दारात आलंय ना, दादा. झालं तर मग,” मंदाताई म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या, पण पुढच्या संक्रांतीला तीळगूळ घेऊन आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षीही नाहीत.

त्यानंतर पत्थर हवालदार संपले. कोजागिरी झाली नाही तोच कनटोपी, गळ्याला मफलर, रुईची म्हणजे कापूस भरलेली बंडी, आणि सगळ्यात आधी शेगडीजवळची जागा. कचेरीतले बाबू थट्टा करायचे, “क्यों हवालदारसाहब, जाड़ा लग गया?” हे नुसतं हूं म्हणायचे. थंडीचा विषय निघाला की उठून जायचे. घरी विजयाबाईंनी हुडहुड करणंच सोडून दिलं. वाद घालायला समोर माणूस नको? असे पाच हिवाळे गेले. मजा अशी, की पहाटे पाचला डोळा उघडायचाच. मग अंथरुणात पडून ऐकत राहायचे. लांब हजिऱ्याकडून गिरणीचा भोंगा, त्यानंतर काहीच नाही. बिगूल तर आता वाजत नव्हतं.

छप्पन्न साली नवा मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. कचेरीची कपाटं, टेबलं, दप्तरं ट्रकवर चढली. साहेबांनी महिपतरावांना चल म्हटलं, ते नाही म्हणाले.

“अहो, भोपाळात थंडी कमी असते म्हणे,” विजयाबाई म्हणाल्या. “तुमच्या गुडघ्याला बरंच आहे.”

“थंडी नाही त्या गावात मी करू काय?” महिपतराव ताडकन बोलून गेले, आणि मग मफलर कानावर ओढून घेतला. विजयाबाईंनीही ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण त्यांना बरं वाटलं.

डिसेंबर लागला आणि कान्होजी आला. तो आता हजिऱ्यातल्या एका शाळेत ड्रिल मास्तर होता. लंगडत येऊन समोर बसला.

“दादा, सोळा पोरं दिल्लीला जायची आहेत, सव्वीस जानेवारीच्या परेडला. पहाटेपासून उभं राहायचंय. उशीर झालाय, दसरा कधीच गेला, पण दीड महिना आहे. तयार करून द्या.”

“मी?” महिपतरावांचा आवाज चढला. “पाय बघ तुझा!”

“पाय बघूनच आलोय,” कान्होजी म्हणाला. “चौकीवर पहिल्याच पंधरवड्यात दोघांना छाती भरली म्हणून खाली पाठवलं. चांगले कोट होते त्यांच्या अंगावर. मला साधी शिंक आली नाही. तुमची रीत खरी होती, दादा. नियम एक खोटा होता. मला इस्पितळात पडून पडून कळलं ते, सहा आठवडे दुसरं काम काय होतं? तेवढा नियम काढून टाका आणि या.”

कान्होजी उठला, दारात थांबला. “आईनं पण सांगितलंय, बोलावून आण म्हणून.”

दुसऱ्या दिवशी धुकं असं दाट होतं की हात लांब केला तर बोटं दिसू नयेत. महिपतराव मैदानावर आले तेव्हा सोळा पोरं बनियनवर उभी होती, खांदे कानाला, दात दाबून धरलेले. पत्थर हवालदाराच्या गोष्टी त्यांनी ऐकलेल्या होत्या. त्यांच्यासमोर कुडकुडायची कुणाची टाप होती?

महिपतरावांनी कनटोपी काढली. मफलर काढला. बंडी काढून कान्होजीच्या हातात दिली आणि पोरांसमोर उभे राहिले. पोरांना वाटलं, आता हे दोन तास दगडासारखे उभे राहून दाखवणार. ते वेगळ्याच गोष्टीची वाट बघत होते, आणि ती येईना. चाळीसेक वर्षं दाबून ठेवलेली हुडहुडी, ती काय हाक मारल्याबरोबर येते? पाच मिनिटं झाली, दहा झाली. त्यांनी दाबून धरलेला जबडा सैल सोडला. मुठी उघडल्या. खांदे खाली टाकले. आणि मग पहिल्यांदा हनुवटी हलली. मग दात वाजले, मग खांदे, मग सगळं अंग असं हलायला लागलं की पांढऱ्या मिशासुद्धा थरथरत होत्या.

“बघा,” ते म्हणाले, शब्द तुटत होते, “नीट बघून घ्या. याला हुडहुडी म्हणतात. ही हार नाही. अंग आपली शेगडी आपण पेटवतंय. लाजायचं नाही. रोज थोडी थंडी घ्यायची, घाई नाही, आणि वाजली की कुडकुडायचं. पाय दुखायचा थांबला तर खूश व्हायचं नाही, घाबरायचं. ऐकलं? चला, पाँव पटको! हात झाडा!”

एक पोरगा फिस्सकन हसला. मग सगळीच कुडकुडायला लागली, पाय आपटायला लागली, मैदान दणाणलं. कान्होजीनं बंडी खांद्यावर टाकली आणि आपला चपट्या बुटाचा पाय जमिनीवर आपटला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. महिपतराव त्याच्याकडे बघत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं. थंडीनं येतं तसं, असं पोरांनी समजून घेतलं.

परेड सुटल्यावर ते सरळ घरी आले नाहीत. महालाकडच्या रस्त्यानं गेले आणि त्या फाटकासमोर जाऊन थांबले. बंडी काखेत होती, घातली नव्हती. वडील उभे राहायचे नेमक्या त्या जागी उभे राहिले, आणि अंग हलत होतं ते हलू दिलं. फाटकावरचा तरुण पहारेकरी थोडा वेळ बघत राहिला, मग जवळ आला.

“बाबा, तबियत ठीक है? बुखार तो नहीं?”

“नहीं बेटा,” महिपतराव म्हणाले. “ठंड है. बस, ठंड है.”

घरी आले तेव्हा ऊन वर आलं होतं. ओठ निळे, दात वाजतायत. विजयाबाई दाराशीच उभ्या होत्या.

“कुठं होता इतका वेळ?”

“वडिलांना भेटून आलो,” ते म्हणाले.

विजयाबाईंनी त्यांना आत घेतलं. शेगडी त्यांच्याकडे सरकवली, आणि दोघंही तिच्याभोवती कुडकुडत बसले.